वाकड श्रीमंत झालं म्हणजे कोण झालं?

2001 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 10 लाखांच्या थोडी वर होती. 2011 मध्ये ती 17 लाख 27 हजारांवर गेली. 2021 ची मोजणी झालीच नाही आणि शहराच्या वाकड भागातले कितीतरी टॉवर या काळातच उठले. सगळे म्हणतात, वाकड श्रीमंत झालं. मला हे वाक्य खुपतं.

या शहरात पूर्वी पगार म्हणजे कारखान्याचा पगार. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. सातारा, सोलापूर, मराठवाड्यातून माणसं येत. आयटीआय झालेल्याला कंपनीत चिकटता येई. कायम झाला की सोसायटीचं कर्ज, मग नवनगर विकास प्राधिकरणाच्या वसाहतीत प्लॉट किंवा घर. आमचंही घर तसंच उभं राहिलं. तेव्हा वस्तीचं उत्पन्न वाढे, कारण तिथल्याच माणसाचं वाढे.

वाकड 1997 मध्ये महापालिकेत आलं. शेजारच्या हिंजवडीत आयटी पार्क झाला आणि इथल्या जमिनीचा भाव गुंठ्यावर बोलला जाऊ लागला. इथला उत्पन्नाचा आकडा वेगळ्या रीतीने चढला. जास्त पगाराची माणसं बाहेरून येऊन बसली आणि सरासरी वर गेली. आलेल्यांना मी दोष देत नाही. इंदूरहून, नागपूरहून आलेला अभियंता वीस-वीस वर्षांचा हप्ता भरतोय, वर टँकरच्या पाण्याचे पैसे मोजतोय.

गावकऱ्यांतही दोन वाटा पडल्या. ज्यांनी जमीन राखून बिल्डरबरोबर भागीदारी केली, त्यांचे फ्लॅट आज भाड्याने जातात. ज्यांनी बहिणीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी आधीच विकली, त्यांची मुलं त्याच रानावरच्या सोसायटीत सुरक्षारक्षक आहेत. चैत्र पौर्णिमेला ग्रामदैवत म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला येतं तेव्हा दोघंही गुलालात असतात. त्या दिवशी तरी गाव एक आहे, हे मला मनापासून मोलाचं वाटतं.

पण ज्यांचं इथे रानही नव्हतं आणि फ्लॅटही नाही, त्यांचं काय? आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी आधी गावठाणातल्या पत्र्याच्या खोलीत राहायच्या, चालत यायच्या. मालकाने चाळ पाडून पीजी बांधलं. "ताई, पुनावळ्याला गेले, आता तिथलाबी मालक वाढवून मागतोय," त्या म्हणाल्या. पहाटे शेअर रिक्षा, मग पाच घरं. रिक्षाचं भाडं वाढल्यावर त्यांनी एक घर सोडलं. म्हणजे वाकडची कमाई वाढताना त्यांची घटली, आणि वाकडच्या हिशेबातून त्या उठूनही गेल्या. गरीब माणूस हद्दीबाहेर गेला तरी सरासरी चढतेच.

आपली जनगणना उत्पन्न विचारत नाही. घरात दुचाकी आहे का, टीव्ही आहे का, हे विचारते. आधी कुठे राहत होता आणि का आलात, हेही विचारते. 2011 मध्ये कारणांच्या यादीत काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, कुटुंबासोबत येणं अशी उत्तरं होती. भाडं परवडेना म्हणून हललेला माणूस 'इतर' मध्ये जमा. पुढच्या मोजणीत त्याला स्वतंत्र रकाना हवा. तोवर महापालिकेने निदान गावठाणात किती भाड्याच्या खोल्या उरल्या आणि दरवर्षी किती पडतात, एवढी नोंद प्रभागवार ठेवावी. चाळ पाडायची परवानगी देताना तिथे राहणारे कुठे जाणार, हे मालकाला विचारावं.