उघड्या बाजूंचा सभामंडप

भाताची झोडणी उरकली, की कर्जत-खालापुरातल्या गावांमध्ये अखंड हरिनाम सप्ताहांची गडबड सुरू होते. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काला. शहरात गाण्याबजावण्यासाठी नाट्यगृह बांधतात. या पट्ट्यात ते काम पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या सभामंडपानं केलं. त्यामुळे जुन्या वास्तूत नवी ध्वनियंत्रणा कशी बसवावी, हा प्रश्न इथे ऑपेरा हाऊसचा नाही, ग्रामदेवतेच्या देवळाचा आहे.

प्रस्तुत लेखक याच धंद्यातला. जीर्णोद्धार झाला, रंग वाळला, कळस चढला, की देवस्थान कमिटीचा फोन येतो: "देऊळ नवं केलंय, आता साउंडपण नवा बसवून द्या." कमिटीच्या मनात दोन्ही कोपऱ्यांत उभे केलेले दोन मोठे बॉक्स असतात. साउंडवाला मात्र मंडपाच्या मधोमध उभा राहून आधी एक टाळी वाजवतो आणि ती विरायला किती वेळ लागतो ते ऐकतो. बहुतेक वेळा खरं दुखणं तिथेच कळतं, आणि ते बॉक्सनं बरं होणारं नसतं.

जुना सभामंडप कसा असायचा? सागवानी खांब, वर कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन, तीन बाजू मोकळ्या. नव्यात स्लॅब येतो, ग्रॅनाइट येतं, भिंतींना चकचकीत टाइल्स लागतात आणि मोकळ्या बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसतात. यामागे कारण आहे. माथेरानच्या पायथ्याचा पाऊस म्हणजे उभी झड, ती थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत येते. खिडक्या हव्यात, हे मान्य. पण त्या बंद झाल्या की आवाजाची बाहेर जायची वाटही बंद होते, हे कोणी सांगत नाही.

हे शास्त्र फार जुनं नाही. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे एक काम आलं. विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काहीच कळत नव्हतं. सेबाइन रात्री, सगळं सामसूम झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि घड्याळ लावून आवाज विरायचा वेळ मोजायचा. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. त्यातून त्यानं सूत्र काढलं: खोलीचं आकारमान जितकं जास्त तितका आवाज घुमतो, आणि आवाज गिळणारे पृष्ठभाग जितके जास्त तितका तो लवकर विरतो. गिळण्याचं माप म्हणून त्यानं काय धरलं, तर उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे ती आवाज पूर्ण गिळते. १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल त्याच्या सल्ल्यानं बांधला गेला, आणि आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत त्याची गणना होते.

आता हेच माप आपल्या मंडपाला लावून बघा. बारा मीटर लांब, नऊ मीटर रुंद, चार मीटर उंच असा साधारण मंडप धरू. तीन बाजू मोकळ्या असतील तर रिकाम्या मंडपातही आवाज अर्ध्या-पाऊण सेकंदात विरतो. तोच मंडप काच, टाइल्स आणि स्लॅबनं बंद केला, की हिशेबानं चार सेकंदांच्या वर जातो. दीडशे माणसं दाटीनं बसली तर त्यांचे कपडे आणि अंगं आवाज गिळतात आणि आकडा सेकंदाच्या आत येतो. म्हणून रात्रीचं कीर्तन त्यातल्या त्यात बरं लागतं. पहाटे काकड्याला वीस माणसं असतात. तेव्हा तोच मंडप तीनेक सेकंद घुमतो, एका अभंगाचे शब्द दुसऱ्या चरणावर सांडतात आणि टाळांचा नुसता गोंगाट उरतो. मग कोणीतरी म्हणतं, आवाज वाढवा. आवाज वाढवला की घुमणंही तितकंच वाढतं, शब्द होता तिथेच राहतो.

म्हणून लेखकाचा पहिला सल्ला यंत्राचा नसतो. कोरड्या दिवसांत खिडक्या सरकवून मोकळ्या ठेवा. पारायणाला जाड सतरंज्या अंथरा. मागच्या भिंतीला, जिथून आवाज उलटून येतो तिथे, टाइल्सऐवजी लाकडी पट्ट्या लावून त्यांच्या मागे रॉकवूल भरा. यावर होणारा खर्च बॉक्सवरच्या खर्चापेक्षा दहापट जास्त उपयोगी पडतो, असं म्हणायला या लेखकाला काही वाटत नाही.

मग यंत्र. दोन मोठ्या बॉक्सऐवजी बारीक उंच कॉलम स्पीकर घ्यावेत. एकावर एक रचलेले लहान स्पीकर आवाज आडवा पसरवतात, वर-खाली कमी पाठवतात. त्यामुळे तो माणसांवर पडतो, स्लॅबवर नाही. ही युक्तीही जुनी आहे. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या प्रचंड घुमटाखाली प्रवचन कळत नसे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पीटर पार्किन आणि त्याच्या सहकाऱ्यानं तिथे कॉलम बसवले आणि मागच्या कॉलमांना आवाज जरा उशिरा पोचेल अशी सोय केली. त्या काळी त्यासाठी फिरती चुंबकीय तबकडी वापरावी लागली होती. आज तेच काम बोटाएवढ्या चिपवर होतं आणि साध्या डिजिटल मिक्सरमध्येही ती सोय मिळते.

उशीर कशाला, तर तोंडातून निघालेला आवाज हवेतून एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद घेतो आणि तारेतून आलेला मात्र लगेच पोचतो. चाळीस फुटांवरच्या खांबावर स्पीकर लावला, तर मागच्या बायाबापड्यांना आवाज खांबातून येतोय असं वाटतं, आणि मान बुवांकडे पण कान खांबाकडे अशी त्यांची ओढाताण होते. त्या स्पीकरला पस्तीस मिलिसेकंद आणि वर आणखी दहा-पंधरा उशीर दिला, की आधी बुवांचा स्वतःचा आवाज कानावर पडतो, मागाहून स्पीकर त्याला नुसता हात देतो. माणसाचा कान आधी आलेल्या आवाजाला मूळ मानतो, हे हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ साली प्रयोगांनी दाखवलं. नीट जुळलं, की मागच्या रांगेतली म्हातारी म्हणते, आज साउंड लावलाच नाही वाटतं. साउंडवाल्याला याहून मोठी पावती नाही.

कीर्तनाची मांडणी गाण्याच्या मैफलीहून अवघड असते. बुवा एका जागी उभे राहत नाहीत. ते पुढे येतात, मागे टाळकऱ्यांकडे वळतात, उपरणं सावरतात. कॉलर माइकवर उपरणं घासलं की खरखर होते, म्हणून गालाजवळचा हेडसेट बरा. मागे वीस टाळकरी उभे असतात. त्यांना माइक द्यायचाच नाही, बुवांच्या माइकमध्ये टाळ येतो तोच पुरे. पखवाजाला दोन माइक लागतात. डाव्या धुमेवर कणीक लावलेली असते, तिचा खर्ज खोल, तर उजव्या शाईचा बोल टणक. धुमेचा माइक फार जवळ नेला की कणकेचा धबधबा तेवढा येतो, बोलच हरवतो. एक वीत दूर आणि थोडा तिरका ठेवला की गोडवा येतो. पेटीचा माइक भात्याच्या बाजूला ठेवायचा नाही, नाहीतर सुरांआधी श्वास ऐकू येतो. आणि बुवा बोलत बोलत स्पीकरच्या पुढे आले की शिट्टी वाजणारच. म्हणून त्यांची उभं राहायची जागा आधी बघायची आणि स्पीकर तिच्या पुढे टांगायचे.

टांगायचे म्हणजे खांबाला भोक पाडायचं नाही. शंभर वर्षांच्या सागवानी खांबात ड्रिल घालणं हा या लेखकाच्या मते गुन्हाच आहे. जाड पट्टा आवळून स्पीकर बांधता येतो, लाकडाच्या रंगाचा घेता येतो, आणि उद्या नवं तंत्र आलं तर खूण न ठेवता काढताही येतो. मोठ्या वास्तूंनाही हाच नियम लागू आहे. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलं, १९९३ मध्ये बंद पडलं आणि आभा नारायण लांबा यांनी केलेल्या जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. जिथे बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांचे आवाज फिरले, त्या छताखाली आज वाजणाऱ्या यंत्रानं नक्षीला धक्का न लावता मागे राहायचं असतं.

कोल्हापूरचं उदाहरण जास्त बोचतं. शाहू महाराजांनी १९१३ ते १५ मध्ये बांधलेलं पॅलेस थिएटर, पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह, माइक नसलेल्या काळातल्या गायकनटांसाठी बांधलेलं होतं. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ला, ते आगीत भस्मसात झालं. जुन्या वास्तूत वायरिंग हा सगळ्यात घातक भाग आहे, ही गोष्ट देवळांनाही लागू होते. १९१५ साली खोपोलीच्या टाटा वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली, आणि आज त्याच तालुक्यातल्या मंडपात रोषणाईच्या माळा, पंखे आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर लटकलेले दिसतात. साउंडला वेगळी लाइन, नीट अर्थिंग आणि एमसीबी हवाच. स्पीकरमधली घुर्र बंद होते ती त्यामुळेच, आणि लाकूडही सुरक्षित राहतं.

राहिला दहाचा प्रश्न. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी आहे. बंदिस्त सभागृहाला आतल्या आतल्या आवाजासाठी सूट आहे, तीन बाजूंनी उघड्या मंडपाला ती नाही. गावं यावरून कुरकुरतात. पण दीडशे माणसांच्या मोकळ्या मंडपात दहानंतर माइक बंद करून बुवांनी निरूपण केलं, तर शेवटच्या रांगेला ते ऐकू जातं. जुन्या मंडपांची रचना त्यासाठीच होती.

म्हणून कर्जत-खालापुरातल्या देवस्थान कमिट्यांना एक विनंती. जीर्णोद्धाराचा नकाशा अजून कागदावर असेल, तेव्हाच साउंडवाल्याला बोलवा. ग्रॅनाइटची ऑर्डर गेल्यावर नको.