ऐब लपवून गाडी विकायची नाही

अब्बा निवृत्त झाले आणि ग्रॅच्युइटीच्या पैशातून आम्ही नवी गाडी घेतली. किंमत ९ लाख. व्याजाच्या कर्जात पडायचे नाही म्हणून एवढी वर्षे थांबलो होतो. गाडी चिपळूणला दारात आली तेव्हा अम्मीने शिरखुर्मा करून मोहल्ल्यात वाटला.

तिसऱ्याच आठवड्यात कुंभार्ली घाटात, ऐन चढावर, इंजिन बंद पडले. मागे ट्रक, गाडीत अब्बा आणि लहान मुले. दहा मिनिटांनी गाडी पुन्हा सुरू झाली. कोल्हापूरला जिथून घेतली त्या शोरूममध्ये नेली, तर म्हणाले, किरकोळ आहे. पाच महिन्यांत गाडी सहा वेळा वर्कशॉपला गेली. दर वेळी संगणक लावायचे आणि सांगायचे, "काही दिसत नाही, घेऊन जा."

मामू म्हणाले, "अजून नवी दिसते, एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. कोणाला काय कळणार?" आम्ही मनाने तयार झालो होतो, हे कबूल करतो. अम्मीने एवढेच विचारले, "उद्या दुसऱ्या कुणाची मुलं त्याच घाटातून त्याच गाडीने जातील, त्याचं काय?"

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या ढिगाऱ्यात हात घालतात आणि बोटांना ओल लागते, ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ओला माल वर ठेव, लोकांना दिसू दे, असे त्यांनी त्या व्यापाऱ्याला बजावले. ही हदीस आम्ही नेहमी दुकानदाराला लावत होतो. त्या दिवशी ती आमच्याच दारात उभी राहिली.

मग आमच्या हक्काचे काय? शरीअतमध्ये 'खियार-ए-ऐब' आहेच. विकत घेतलेल्या मालात आधीपासूनचा लपलेला दोष निघाला, तर तो परत करून पैसे घेण्याचा खरेदीदाराला अधिकार आहे. देशाचा कायदाही याच्या जवळपास जातो, हे आम्हाला ओळखीच्या वकिलांनी समजावले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दोष दूर करणे, माल बदलून देणे, किंमत परत करणे किंवा भरपाई देणे, असे आदेश आयोग देऊ शकतो. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात करता येते. ९ लाखांच्या गाडीला फी फक्त २०० रुपये. वकील लावलाच पाहिजे असे नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणून कोल्हापूरला खेपा घालायच्या नव्हत्या, रत्नागिरी पुरे होते. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे.

वकिलांनी जॉबकार्ड मागितली आणि आमची चूक उघडी पडली. पहिल्या दोन खेपांना तक्रार तोंडीच सांगितली होती, कागदावर 'सर्व्हिसिंग' एवढेच होते. दोष कारखान्यातलाच आहे हे दाखवायचे काम तक्रारदाराचे असते. गरज पडल्यास आयोग तज्ज्ञाकडून तपासणी करून घेतो. एखादा भाग बदलून दोष जात असेल, तर पूर्ण गाडी बदलून मिळणे अवघड, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

त्यानंतर आम्ही प्रत्येक खेपेला तक्रार आमच्या शब्दांत लिहून घेतली. बंद पडलेल्या गाडीचे व्हिडिओ काढले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंद केली. शोरूम आणि कंपनी, दोघांना नोटीस पाठवली. उत्तर आले नाही तेव्हा तक्रार दाखल केली.

आयोगाने मध्यस्थी सुचवली, दोन्ही बाजू तयार झाल्या. कंपनीने इंधन पंप आणि सगळे वायरिंग बदलून दिले, दोन वर्षांची वाढीव वॉरंटी लेखी दिली, गाडी ओढून नेण्याचा खर्चही दिला. पूर्ण किंमत मिळाली नाही, आणि अब्बांना त्याची थोडी खंत आहे. पण अल्हम्दुलिल्लाह, त्यानंतर गाडी घाटात थांबलेली नाही.

सगळी जॉबकार्ड, नोटिसा आणि तडजोडीचा कागद एका फाइलमध्ये लावून ठेवले आहेत. उद्या ही गाडी विकायची वेळ आली, तर ती फाइल आम्ही गाडीबरोबरच देऊ.