घोड्याची चंदी

गाय चरून आली की निवांत बसून रवंथ करते. पोटात गेलेला घास ती पुन्हा तोंडात आणू शकते. घोड्याला ही सवलत नाही. त्याच्या जठराच्या मुखाशी असलेला स्नायू इतका बळकट असतो, की एकदा गिळलेले सहसा परत वर येत नाही. कुत्रा नको ते खाल्ले तर ओकून मोकळा होतो. घोड्याच्या पोटात गेलेले विष मात्र पोटातच राहते. म्हणून त्याच्यापुढे काय टाकावे आणि काय टाकू नये, हा त्याच्या जिवाचाच प्रश्न होय.

एवढ्या धिप्पाड प्राण्याचे जठर अवघे ८ ते १५ लिटरांचे. त्यामुळे मोकळा सोडला तर तो दिवसाचा बराचसा वेळ थोडे थोडे चरत राहतो. हरळीसारखे गवत, वाळलेली स्वच्छ वैरण आणि पाणी हाच त्याचा खरा आहार. कष्टाच्या घोड्याला दाण्याची जोड लागते. तिलाच चंदी म्हणतात. महाराष्ट्रात चंदी म्हणजे बहुधा भिजवलेला हरभरा. दक्षिणेकडे उकडलेले कुळीथ घालीत; इंग्रजीत तर या कडधान्याचे नावच घोड्यावरून पडले आहे. परंतु लाडाने दुप्पट चंदी घालणारा धनी घोड्याचे हित करीत नाही. दाणा अति झाला की आतड्यात आंबतो, पोटशूळ उठतो, आणि कित्येकदा खुरांच्या आत दाह होऊन घोड्याला पाऊल टाकणेही कठीण होते. अन्नच असे उलटते, हे नवख्याला खरे वाटत नाही.

विषारी झाडांत कण्हेरीचा मान पहिला. अंगणात, देवळाच्या आवारात, रस्त्यांच्या दुभाजकांत ती डौलाने फुललेली असते. पान, फूल, साल, मूळ, सारेच विषारी. आणि हे विष थेट हृदयावर घाला घालते. संस्कृतात हिला करवीर म्हणतात. अमरकोशात त्याच झाडाचे आणखी एक नाव आहे : हयमारक, म्हणजे घोड्याला मारणारे. कोणा जुन्या अश्वपालाने सोसलेली हानी भाषेने अशी जपून ठेवली असावी. हिरवे पान कडू असल्याने घोडा सहसा त्याला तोंड लावीत नाही. धोका असतो तो कुंपण छाटल्यावर. पान वाळले की कडवटपणा कमी जाणवतो, विष मात्र तसेच राहते. वैरणीत मिसळलेली मूठभर पाने घोडा घासाबरोबर सहज खाऊन जातो, आणि तेवढीही त्याला पुरतात. एरंडाच्या बियाही अशाच घातक.

पावसाळ्यात तर चांगले गवतही वैरी होते. ओलीने बुरसलेल्या वैरणीने खोकला, दम आणि पोटदुखी जडते. म्हणून कोकणासारख्या मुलखात कोरड्या गवताची बेगमी उन्हाळ्यातच करावी लागे. १६७३ च्या मे महिन्यात शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील लष्कराच्या अधिकाऱ्यांना पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आताच उधळाल तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे त्यात बजावले आहे. रात्री घरात दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि साठवलेले गवत भस्म होईल, याचीही ताकीद त्याच पत्रात आहे.