उतईचा मे

मे सरत आला. भिलाईलगतच्या या उतईत दुपारी पारा ४४-४५ अंशांना टेकतो, आणि नेमके याच दिवसांत पेरूचं पाणी तोडावं लागतं. सुकलेली पानं पाहून जीव तुटतो. पण आंबे बहार, म्हणजे वसंतातला फुलोरा, धरला तर फळ भर पावसाळ्यात पिकतं: पाणचट, त्यात फळमाशीच्या अळ्या. पावसाच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहाराचं फळ थंडीत येतं, गोड आणि टिकाऊ. म्हणून हा ताण द्यायचाच.

पपईची काळजी वेगळी. इथल्या कन्हार म्हणजे काळ्या, चिकण जमिनीत पाणी मुरत नाही. दोन दिवस बुंध्याशी साचलं की मुळं कुजतात. त्यातून वाचलेल्या झाडावर मावा कीड रिंगस्पॉट रोगाचा विषाणू आणते, आणि त्यावर औषध नाही. रोगट झाड उपटून टाकणं, एवढंच हाती उरतं. फळांनी लगडलेलं झाड उपटताना काय वाटतं, ते बाजारभाव ठरवणाऱ्याला कधी कळेल?

चहूकडे धानाची बांधी, पाणी अडवणारी. आमच्या बागेला ते बाहेर काढायचं असतं. पपई लावणाऱ्यांनो, आधी चर खणा, गादीवाफे करा; रोपं मग आणा.