शेंडेनक्षत्राचा मृत्युलेख

मी एका धूमकेतूचा मृत्युलेख लिहिला होता. चांगला पाऊण पान, फोटोसकट छापूनही आला. आणि तीन महिन्यांनी ते महाशय वेल्ह्याच्या रस्त्यावर, संध्याकाळी सव्वासातला, शेपूट फुलवून माझ्यासमोर हजर!

नाव त्सुचिनशान-अ‍ॅटलस. ९ जानेवारी २०२३ला चीनच्या पर्पल माउंटन वेधशाळेने तो टिपला. पुढे कुणी वेध घेतले नाहीत, म्हणून हरवला. २२ फेब्रुवारीला दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅटलस दुर्बिणीने तो पुन्हा पकडला. म्हणून दोन्ही नावं, माहेरचं आणि सासरचं आडनाव सोबत लावावं तशी. तेव्हा तो सूर्यापासून गुरूपेक्षाही लांब होता आणि नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात फिक्या ताऱ्यापेक्षा सुमारे ६० हजार पट मंद.

गंमत अशी, की एवढ्याशा ठिपक्याचा सगळा प्रवास काही आठवड्यांत कागदावर आला. आज तो कुठल्या ताऱ्यांशेजारी आहे, उद्या कुठे, पंधरा दिवसांनी कुठे... असे वेध जमले की कक्षा बसते. २७ सप्टेंबर २०२४ला सूर्याच्या सगळ्यात जवळ, सुमारे ५.९ कोटी किलोमीटरवर. १२ ऑक्टोबरला पृथ्वीच्या सगळ्यात जवळ, सुमारे ७ कोटी किलोमीटरवर. हे दीड वर्ष आधी ठरलं आणि तसंच घडलं. आपली लोकलसुद्धा इतकी वेळेवर नसते.

पण तो दिसेल किती तेजस्वी? इथे सगळ्यांचे हात वर.

साधा दगड सूर्यापासून निम्म्या अंतरावर आला, तर त्याच्यावर चौपट उजेड पडतो, तो चौपट उजळतो. हिशेब सरळ. धूमकेतूचं तसं नाही. तो मुळात धूळ मिसळलेला बर्फ. ऊन लागलं की बर्फाची वाफ होते, धूळ बाहेर फेकली जाते आणि तीच चमकते. त्यामुळे अंतर निम्मं झालं की तेज सोळा पट, असा एक ठोकताळा आहे. पण कुणी आठ पटच वाढतं, कुणी तीस पट, आणि कुणी अर्ध्या वाटेत गती बदलतं. शिवाय तेजाची ‘प्रत’ उलटी मोजतात. आकडा लहान तितकं तेज जास्त; पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट.

मी या भानगडीत पडले ती एका फीचरसाठी. एक्सेलमध्ये चार कॉलम केले : तारीख, सूर्यापासूनचं अंतर, पृथ्वीपासूनचं अंतर, प्रत. आकडे जगभरच्या हौशी निरीक्षकांचे. स्लोव्हेनियातली एक वेधशाळा ते गोळा करते. दर रविवारी कॉफी घेऊन बसायचं आणि ग्राफवर नवे ठिपके टाकायचे. पैसे शून्य, पण व्यसन सॉलिड!

एप्रिलच्या मध्यापासून ठिपके अडखळले. सूर्य जवळ येतोय, तेज मात्र जागच्या जागी. मेमध्येही तेच, जूनमध्येही. जुलैमध्ये झ्डेनेक सेकानिना यांचा शोधनिबंध आला. धूमकेतूंवर काही दशकं काम केलेला माणूस. त्यांचं म्हणणं, केंद्रक आतून फुटतंय, सूर्याजवळ पोचण्याआधीच हा संपणार. मुद्दे पोकळ नव्हते. अडलेलं तेज, चमत्कारिक अरुंद शेपूट, आणि २०१३च्या आयसॉनचा दाखला होताच. त्यालाही ‘शतकातला धूमकेतू’ म्हणून डोक्यावर घेतलं होतं, आणि सूर्याला वळसा घालताना त्याचा चुरा झाला.

संपादकांचा फोन. ‘एका वाक्यात सांग. आहे की गेला?’

आता, याच निबंधावर दुसऱ्या बाजूने उत्तर येत होतं. एप्रिलमध्ये सूर्य आपल्या पाठीशी आणि धूमकेतू समोर होता. अशा वेळी धूळ जास्तच उजळ दिसते. तो कोन बदलला की तेवढा उजाळा ओसरतो आणि वाढ थांबल्यासारखी वाटते. मी हे वाचलं होतं. पण ‘कदाचित’ हा शब्द हेडिंगमध्ये बसत नाही, यार.

‘गेला,’ मी म्हणाले.

आणि लेख पाठवून फाइल बंद केली. संपलेल्याचे ठिपके कोण टाकत बसणार?

सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धातून पहाटेचे फोटो यायला लागले. अख्खा, धडधाकट! बाबांनी पेपर माझ्यासमोर ठेवला, बोलले काहीच नाहीत. बाबांचं आणि धूमकेतूंचं जुनं आहे. १९९७मध्ये हेल-बॉप आला तेव्हा मी दोन महिन्यांची होते, आणि त्यांनी मला दुपट्यात गुंडाळून गच्चीवर नेलं होतं. ‘तू पाहिलायस, तुला आठवत नाही एवढंच,’ हा त्यांचा लाडका डायलॉग. आजीने तेव्हा शेंडेनक्षत्र बाळाला दाखवू नये म्हणून बरंच ऐकवलं होतं म्हणे. पण हेल-बॉप दीड वर्ष नुसत्या डोळ्यांना दिसत होता, आजी किती दिवस अडवणार?

मी फाइल उघडली. ग्राफमध्ये मधोमध पांढरी पट्टी. आता, ऑगस्टमध्ये तो सूर्याच्या उजेडात असल्याने वेध मुळातच तुरळक होते, हे खरं. पण जुलैचे होते. लोकांनी ते घेतले होते, मी उतरवले नव्हते. जुने आकडे मिळाले असते, भरताही आले असते. नाही भरले. ती पट्टी माझी होती.

मग ठरवलं, आता स्वतः मोजायचं. ९ ऑक्टोबरच्या सुमारास तो जवळजवळ सूर्य आणि पृथ्वीच्या मधे आला आणि भलताच उजळला. उन्हाकडे तोंड करून गाडी चालवताना काचेवरची धूळ कशी लखलखते, तसंच. अंतराळातल्या सोहोच्या कॅमेऱ्यांना तो शुक्राच्या तोडीचा दिसला, आपल्याला मात्र सूर्याच्या उजेडात नाहीच. दसऱ्याला तो पृथ्वीच्या जवळ आणि पुण्यावर ढग. १६ला कोजागरी, म्हणजे दुधाची मजा आणि धूमकेतूची सजा. एकदाची २० तारीख मिळाली. रविवार, संकष्टी. चंद्र साडेआठनंतर उगवणार, म्हणजे अंधाराचा तासभर हातात.

मी आणि बाबा गाडी बाजूला लावून उभे. डोळे अंधाराला सरावल्यावर तो दिसला. पुसट डोकं आणि वर तिरकी गेलेली लांब शेपूट. ‘हेल-बॉप यापेक्षा भारी होता,’ बाबा म्हणाले. मग बराच वेळ गप्प.

मोजायची अडचण ही, की तारा म्हणजे टिंब आणि धूमकेतू म्हणजे कापसाचा बोळा. तुलना करायची तर तारेही पसरट दिसायला हवेत. निरीक्षक त्यासाठी दुर्बिणीचा फोकस बिघडवतात. बाबांना दूरचा नंबर आहे, मायनस पाऊण. मी म्हटलं, ‘चष्मा काढा.’

‘आता सगळंच धूसर दिसतंय.’

‘तेच हवंय.’

भुजंगधारी तारकासमूहातले दोन तारे दाखवले. एक २.८ प्रतीचा, दुसरा ३.२. आकडे सांगितले नाहीत. अंदाज काय होते तेही नाही. मला स्वतःला तो अडीचचा दिसत होता. कारण मी दुपारीच अंदाज वाचले होते, आणि खरं सांगायचं तर मृत्युलेखानंतर मला तो जितका तेजस्वी निघेल तितका हवा होता.

बाबांनी डोळे बारीक केले. तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. ‘या मोठ्यापेक्षा जरा मंद. त्या धाकट्यापेक्षा उजळ, पण किंचितच.’

‘नक्की?’

‘मला काय माहीत काय दिसायला पाहिजे ते? जे दिसतंय ते सांगतोय.’

टॉर्चला लाल कागद लावला होता. त्या उजेडात वहीत लिहिलं : २० ऑक्टोबर, ७.३५, प्रत ३.०. निरीक्षक, बाबा. माझा अडीच खाली लिहिला आणि त्यावर काट मारली. वाचता येईल अशी.

पूर्वेकडे डोंगरामागे उजेड चढायला लागला तशी शेपूट टोकाकडून विरत गेली. आम्ही दोघं चंद्राला मनातल्या मनात शिव्या घालत उभे. तेवढ्यात फोन वाजला. आई.

‘अगं, इथे नुसते ढग आहेत. तुम्हाला चंद्र दिसला का?’

‘आत्ताच उगवला,’ मी म्हटलं. ‘जेवून घे.’