पूर्णेकाठची चूल

मुलांनो, तुम्ही सहलीला गेलात की डब्यात काय नेता? पुरी-भाजी, चिवडा, चटणी-भाकरी… बरोबर ना? आम्ही मात्र एकदा नुसती भाकरी घेऊन निघालो. कालवण तिथं पाण्यातून निघणार होतं!

परभणी जिल्ह्याचा नकाशा उघडा. जिंतूरहून सेनगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर येलदरी सापडेल. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा नदी इथं धरणानं अडवली आहे. पुढं ती सिद्धेश्वर धरणातून जाते आणि गोदावरीला मिळते. विदर्भातही एक पूर्णा आहे, पण ती तापीला मिळते. परीक्षेत दोघींची गल्लत करू नका हं!

डिसेंबरचे दिवस होते. सातवीची सोळा मुलं, दोन पालक आणि मी. पाठीवर सॅक, सॅकमध्ये भाकरी, तिखट-मीठ आणि पांघरूण. आमच्या वर्गातल्या एका मुलाची वस्ती जलाशयाच्या काठावर आहे. त्याचं नाव इथं सांगत नाही, त्यानंच तसं बजावलंय. त्याच्या वडिलांचा धंदा मासेमारीचा. वस्ती शाळेपासून जवळच, पण आम्ही मुद्दाम लांबच्या वाटेनं, काठाकाठानं सात-आठ किलोमीटर चालत गेलो. एका बाजूला ज्वारी अन् हरभरा, दुसऱ्या बाजूला निळं पाणी. पाण्यावर केशरी रंगाची चक्रवाक बदकं तरंगत होती. थंडीत ती लांबून उत्तरेकडून आपल्याकडे पाहुणी येतात.

रात्री वस्तीवरच मुक्काम केला. पहाटे चारला कुणीतरी हलवून उठवलं. पाहते तर तोच मुलगा!

“बाई, चला. बाबा जाळं उचलाय निघाले.”

आम्ही कुडकुडत काठावर उभे राहिलो. तो आणि त्याचे वडील थर्माकोलच्या तराफ्यावर बसून अंधारात दिसेनासे झाले. उजाडता उजाडता परत आले, तेव्हा त्याची बोटं गारठून वाकडी झाली होती.

“रोज येतोस का रे?” मी विचारलं.

त्याचे वडील म्हणाले, “रोज न्हाई बाई. पण मला एकट्याला जाळं झेपत न्हाई, तवा येतो. रातीला टाकायचं अन् पहाटं उचलायचं. मग साळंला उशीर होतो त्याला.”

मुलांनो, माझ्या पोटात धस्स झालं. महिन्यापूर्वीच त्याला उशीर झाला म्हणून मी भर वर्गात विचारलं होतं, “झोपा काढतोस का?” सगळे हसले होते. तो काहीच बोलला नव्हता.

जाळ्यात पाच मोठे रोहू होते आणि एक वीतभर पिल्लू. त्यानं ते पिल्लू हळूच सोडवलं अन् पाण्यात सोडून दिलं. “याला पुढची दिवाळी बघू द्या!” तो म्हणाला.

ही नुसती दया नव्हे बरं का. रोहू-कटल्यांना अंडी घालायला पावसाळ्यातलं पुराचं वाहतं पाणी लागतं. धरणाच्या साचलेल्या पाण्यात ती सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून बोटाएवढी पिल्लं आणून सोडतात. त्यांना ‘बोटुकली’ म्हणतात. ही बोटुकली मिळतात कशी? १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञांनी माशांच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालवून घेतली. म्हणून १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिवस मानतात.

वडिलांना आम्ही दोन माशांचे पैसे दिले. त्यांनी आधी नको म्हटलं, पण मेहनत कुणाची फुकट घेऊ नये.

आता स्वयंपाक! शिकवणारा तोच, शिकणाऱ्या आम्ही सगळे. “डोळे चकचकीत, कल्ले लाल, तर मासा ताजा,” हा त्याचा पहिला धडा. सुरीच्या पाठीनं शेपटीकडून डोक्याकडे खवले काढले. पोट चिरून आतडी काढली. आत हिरवी पित्ताची पिशवी असते. ती फुटली तर मासा कडू होतो. ती खायची तर मुळीच नाही, तिच्यातल्या विषानं मूत्रपिंडं बिघडतात. तुकड्यांना हळद, मीठ आणि चिंचेचा कोळ चोळून ठेवला.

तीन दगडांची चूल मांडली. निखाऱ्यात कांदा अन् सुकं खोबरं भाजलं, तिळासोबत दगडावर वाटलं. तेलात लसूण, वाटण, काळा मसाला, मग पाणी. उकळी फुटल्यावर तुकडे सोडले. “पळी घालू नका, पातेलं हलवा, न्हाईतर मासा मोडतो!” दहा मिनिटांत कालवण तयार. काही तुकडे पळसाच्या पानांत गुंडाळून, वर ओली माती लिंपून निखाऱ्यात पुरले. पाच जण मासे खात नव्हते. त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर वांग्याचं भरीत केलं. रोहूत बारीक काटे फार, म्हणून प्रत्येक घास चाचपून खायचा. त्यामुळे पंगतीत कधी नव्हे ती शांतता!

जेवणं झाली तेव्हा मी उभी राहिले. ज्यांच्यासमोर त्याला बोलले होते, त्यांच्यासमोरच म्हणाले, “त्या दिवशी माझं चुकलं. मी आधी कारण विचारायला हवं होतं.” तो खाली बघत राखेत काडी ओढत राहिला. मग म्हणाला, “बाई, पळसातला तुकडा उरलाय. तुम्ही घ्या.”

निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतलं, राख गार झाल्याची खात्री केली, खवले-आतडी खड्ड्यात पुरली. प्लॅस्टिक सॅकमध्ये घातलं.

तुम्हीही कधी काठावर जाल. मोठी माणसं सोबत असल्याशिवाय पाण्यात अन् चुलीजवळ जाऊ नका. परवानगीशिवाय मासे धरू नका. आणि तुमच्या वर्गात कुणी उशिरा आलं, तर हसण्याआधी एकदा विचारा, “पहाटे कुठं होतास रे?”