लेस्टरचे शेषराव

परदेशी असलेल्या बहिणीकडे दिवाळीला जाताना भावाने बरोबर काय न्यावे, यावर गेल्या वर्षी आमच्या घरी आठवडाभर खल झाला. भाजणी, मेतकूट, कुरडया सारे बांधून झाले. पण आपल्या पायगुणाने तिथे कुणाला उपास घडेल, हे काही कुणाच्या मनात आले नव्हते.

लेस्टर हे इंग्लंडच्या मध्यभागातले शहर. २०१२ साली तिथे मोटारी उभ्या करण्याच्या एका आवारात तिसऱ्या रिचर्ड राजाची हाडे सापडली, म्हणून इतिहासवाले तिकडे धाव घेतात. मी मात्र गेलो तो बेलग्रेव्ह रोडवरचे दिवे पाहायला. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकलून दिलेल्या गुजराती मंडळींपैकी पुष्कळजण या शहरात स्थिरावले. आता दिवाळीत त्या रस्त्यावर अशी रोषणाई असते, की थंडीने कान बधिर झालेला माणूसही हातात गरम जिलबी धरून तासभर रेंगाळतो. मी दोन तास रेंगाळलो.

बहिणीचे घर आटोपशीर. तिच्या बारा वर्षांच्या मुलाची खोली मला दिलेली. सामान टेकवतो न टेकवतो तोच ती म्हणाली, 'दादा, दचकू नकोस. घरात एक लांबडं आहे.'

आमचे आजोळ बत्तीस शिराळ्याजवळ. लहानपणी तिथल्या नागपंचमीला मडक्यांतून काढलेले जिवंत नाग मी आजीच्या पदराआडून पाहिले होते, आणि ती धडकी अजून गेलेली नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप घरी पाळता येत नाही. इंग्लंडात मात्र रॉयल पायथन हा लहान जातीचा आफ्रिकी अजगर चक्क दुकानातून आणता येतो! जिन्याखालच्या बोळात, काचेच्या पेटीत साडेतीन फुटी शेषराव वेटोळे करून बसले होते. नाव अर्थात बहिणीने ठेवलेले. भाचा कौतुकाने सांगत होता, की बेनिन देशातल्या विदा गावी या जातीच्या सापांचे देऊळच आहे. मी चार पावलांवरून नमस्कार केला.

शेषरावांना दर दहाव्या दिवशी एक उंदीर लागे. बर्फाच्या कपाटात कुलूपबंद डब्यात ठेवलेला, मग वितळवून कोमट केलेला. कारण या सापाच्या ओठांवर ऊब ओळखणाऱ्या खाचा असतात, थंड भक्ष्याकडे तो सहसा बघत नाही. मी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी शेषरावांनी उंदीर नाकारला. तेराव्या दिवशी पुन्हा नाकारला. भाच्याचेही जेवणावरून लक्ष उडाले. शंकरपाळ्यांची बशी तशीच पडून राहू लागली.

'थोडे दूध देऊन पाहिले तर?' मी विचारले.

मुलगा हसला नाही. 'मामा, साप दूध पचवू शकत नाही. फार तहानलेला असला तरच पितो.'

मडक्यांत दिवसच्या दिवस कोंडलेले ते नाग आणि आजीने पुढे केलेली वाटी मला आठवली. मी गप्प बसलो.

कात टाकण्याआधी साप खात नाही, पण तेव्हा त्याचे डोळे निळसर, दुधाळ होतात. शेषरावांचे डोळे स्वच्छ होते. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड तपासले, वजन केले. १,३१० ग्रॅमांचे १,३०२ झाले होते. त्या म्हणाल्या, या जातीचे नर थंडीच्या दिवसांत कित्येक आठवडे, कधी महिने आपणहून खात नाहीत. वजन फारसे घटत नाही तोवर घाबरू नका. मात्र घरात काही बदल झाला असेल तर तो आधी शोधा.

मुलाने आईकडे पाहिले. आईने खिडकीबाहेर पाहिले.

त्या रात्री त्याची वही माझ्या हाती आली. तारीख, वजन, खाल्ले की नाही, कात केव्हा टाकली, सारे वर्षभर नेमाने लिहिलेले. एकदाही 'नाही' नाही. आणि मग एक ओळ: 'मामा आला. पेटी खाली नेली.' पुढे उबदार कोपऱ्याचे तापमान. आधी ३१ अंश, त्यानंतर २६. ऊब नसेल तर सापाला पोटातले पचत नाही, मग तो खाणार कसा? शिवाय समोरचे दार, येणारीजाणारी पावले. मुलाला सारे कळले होते. पाहुण्यापुढे बोलायचे नाही, एवढी आईची ताकीद होती.

'पेटी वर आण,' मी म्हणालो.

'दादा, तू सोफ्यावर झोपणार?'

'मी वरच झोपणार.' असे का म्हणालो कोण जाणे! बहुधा भाच्यासमोर सोफ्यावर पळून जाण्याची लाज वाटली असावी. पहिल्या रात्री मी दिवा मालवलाच नाही. तिसऱ्या रात्री मालवला. पहाटे कधीतरी पालापाचोळा सरकल्यासारखा आवाज येई आणि मी मोजत पडे, एक, दोन, तीन. पेटीचे झाकण बंद आहे, हे मला पक्के ठाऊक होते. तरी मी मोजत असे. पारा पुन्हा ३१वर आला. विसाव्या दिवशी उंदीर दाखवला. शेषरावांनी मान वळवली. मुलाने काही न बोलता चिमटा खाली ठेवला.

दोन दिवसांनी मी परतलो. घरी पोचून बॅग उघडतो तोच फोनवर बहिणीने वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवले. बाळबोध अक्षरात दोनच ओळी होत्या:

'मामा गेला.

खाल्ले.'